पेरणीआधीची सुगी

पीक हाती येण्याआधी त्याचा सोहळा करणाऱ्याला मराठीत कुणी शहाणे म्हणत नाही. तुरी अजून बाजारात असताना घरात हाणामारी करणारे भट-भटणी आपल्या म्हणीत आहेत. सातूच्या मडक्याखाली आडवा पडून, न झालेल्या मुलाचे सोमशर्मा असे नावही ठेवून टाकणारा पंचतंत्रातला ब्राह्मण शेवटी स्वतःच्याच लाथेने मडके फोडून घेतो. जपानमधला भातशेतकरी मात्र शेकडो वर्षे वरवर पाहता हेच करत आला. शेतावर बर्फ आणि बियाणे अजून कोठारात अशा दिवसांत येत्या सुगीचा उत्सव तो करून मोकळा होई, आणि तोही गावच्या देवळात, ढोल वाजवून, सगळ्यांच्या देखत. लोकसंस्कृतीच्या जपानी अभ्यासकांनी या विधींना ‘योशुकु’ म्हटले; आगाऊ साजरा केलेला आनंद, इतकाच त्याचा अर्थ. गेल्या काही वर्षांत हा शब्द अभ्यासकांच्या ग्रंथांतून निघून कंपन्यांच्या शिबिरांत, खेळाडूंच्या सरावात आणि यशाची गुरुकिल्ली विकणाऱ्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. तिथे त्याचा अर्थ असा लावतात, की यश मिळाल्यासारखे आधी वागा, म्हणजे यश मागोमाग येते. पुढील पाने वाचण्यापूर्वी वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी, असे मला वाटते. जुन्या योशुकुत गाव साजरे करी ते मुख्यतः वर्षभराचे काम. फळ त्या कामाच्या शेवटी येई, आणि येईलच अशी हमी कुणी देत नसे.

हे विधी प्रामुख्याने ‘कोशोगात्सु’ म्हणजे धाकट्या नववर्षाच्या आसपासचे. १८७३ साली जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली, त्याआधी वर्षाची पहिली पौर्णिमा हा खेड्यापाड्यांतला मोठा सण असे. आता तो बहुतेक ठिकाणी १५ जानेवारीच्या सुमारास येतो. पहिल्या दिवसाचे नववर्ष सरकारदरबारचे आणि पूर्वजांचे, तर हे धाकटे नववर्ष शेतीचे. झाडाच्या फांद्यांना तांदळाच्या पिठाचे पांढरे-गुलाबी गोळे टोचून त्या घरात उभ्या करतात; रेशीम पिकवणाऱ्या प्रदेशांत त्याच गोळ्यांना कोशाचा आकार देतात आणि त्यांना ‘मायुदामा’ म्हणतात. फळझाडांसाठीचा विधी तर मोठा गमतीचा आहे. दोघेजण पर्सिमनच्या झाडापाशी जातात. एकजण कुऱ्हाड उगारून झाडाला दम देतो, की यंदा फळ धरणार की नाही ते सांग, नाहीतर तोडून टाकतो. दुसरा झाडाच्या वतीने गयावया करून कबूल करतो, की धरीन, नक्की धरीन. मग सालीवर एक चीर पाडून तिच्यात लाल चवळीसारख्या अझुकी या कडधान्याची पेज माखायची. धमकी, कबुली आणि वर पोटभर खाऊ, असा हा तीन मिनिटांचा करार. त्याला गंभीर धर्मविधी म्हणावे की पोरखेळ, हा प्रश्न करणाऱ्यांना कधी पडला असेल असे वाटत नाही, आणि योशुकु समजून घेताना तो आपणही फार ताणू नये.

भातापुरते बोलायचे तर या साऱ्या विधींचा गाभा ‘ता-आसोबी’त, म्हणजे शेताच्या खेळात सापडतो. तोक्योच्या वायव्येला इताबाशी वॉर्ड आहे. तिथे तोकुमारूच्या कितानो देवस्थानात ११ फेब्रुवारीला आणि आकात्सुकाच्या सुवा देवस्थानात १३ फेब्रुवारीला हा खेळ रात्री होतो; १९७६ साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. तोकुमारूला अंगणाच्या मधोमध एक मोठा ढोल ठेवतात. तो ढोल म्हणजेच शेत. त्याच्या भोवती उभे राहून गावचे पुरुष नांगरणीपासून सुरुवात करतात. मग चिखलणी, पेरणी, पाखरे हाकणे, लावणी, बेणणी, कापणी, शेवटी पेंढ्या रचणे. एकेक काम शब्दांनी आणि हातवाऱ्यांनी, क्रम न चुकवता. मध्येच तारोजी आणि यासुमे हे मुखवट्यांतले जोडपे येते. यासुमेचे पोट पुढे आलेले असते, दोघे सगळ्यांसमोर एकमेकांना मिठी मारतात आणि प्रेक्षक हसतात. नारा प्रांतातल्या आसुका इथल्या ओंदा उत्सवात तर हे आणखी उघड आहे. तिथे पहिल्या भागात बैल होऊन आलेला माणूस शेत नांगरतो आणि दुसऱ्या भागात लांब नाकाचा तेंगू आणि गालफुगी नवरी यांचे लग्न लागून मधुचंद्रही देवळाच्या मंचावरच उरकला जातो. बाहेरून आलेला पाहुणा हे लग्न लक्षात ठेवून जातो. मला मात्र महत्त्वाची वाटते ती त्याआधीची लांबलचक, थोडीशी कंटाळवाणीच म्हणावी अशी शेतकामांची यादी. पाखरे हाकण्याचे काम उत्सवात कुणी कशाला घालील? केवळ भरलेली कोठारे मनात आणायची असती, तर त्या यादीची गरजच नव्हती.

नवसाशी किंवा प्रार्थनेशी याची गल्लत होऊ नये. नवसात अट असते. तू दे, मग मी देईन, असा तो व्यवहार असतो, आणि जपानलाही तो परका नाही. ९२७ साली पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमग्रंथात वसंतारंभीच्या तोशिगोई विधीचे जे प्रार्थनावचन आहे, त्यात देवतेने लांब लोंब्यांचे धान्य दिले तर नव्या धान्याचे आणि मद्याचे कुंभ भरभरून अर्पण करू, असे सरळ वचन दिलेले आहे. दारुमाची लाल बाहुलीही त्याच जातीची. इच्छा धरताना तिचा एक डोळा रंगवायचा, दुसरा इच्छा पुरी झाल्यावर. निवडणूक जिंकलेला जपानी पुढारी कॅमेऱ्यांसमोर ब्रश घेऊन उभा राहतो तो या दुसऱ्या डोळ्यासाठी. या दोन्हींत देणे राखून ठेवलेले आहे. योशुकुत काहीच राखून ठेवत नाहीत. जेवण, नाच, हसणे, सगळे आधीच देऊन होते, आणि पीक बुडाले तरी ते परत मागता येत नाही. म्हणूनच त्याला सौदा म्हणता येत नाही, आणि देवाला लाच दिली असा आरोपही त्याला नीट चिकटत नाही.

आता पीक बुडण्याविषयी, कारण आगाऊ आनंदाची खरी परीक्षा तिथेच होते. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांतात हाचिनोहे शहर आहे. दरवर्षी १७ ते २० फेब्रुवारीला तिथे ‘एन्बुरी’ होते. त्या दिवसांत तिथले तापमान शून्याच्या आसपास असते. घोड्याच्या डोक्यासारखी उंच, रंगीत शिरोभूषणे घातलेले नर्तक कमरेत वाकून, ते जड शिरोभूषण जवळजवळ जमिनीला टेकवत गोल फिरवतात आणि हातातल्या काठ्यांनी गोठलेली भुई ठोकतात. झोपलेल्या जमिनीला जागे करायचे, असे याचे कारण सांगितले जाते. या काठ्यांचे मूळ आहे चिखल सपाट करायच्या लांब दांड्याच्या फळीत. मध्येमध्ये लहान मुले मासा गळाला लावण्याचे आणि सुबत्तेच्या देवांचे नाच करून लोकांना हसवतात. हाचिनोहेचा हा आनंद सुपीक, सुखी प्रदेशाचा नाही. भात मुळात उष्ण हवेचे पीक. एदो काळात सरंजामदाराची पत तांदळाच्या उत्पन्नावर मोजली जाई आणि करही तांदळात द्यावा लागे, म्हणून ते इतक्या उत्तरेला रेटले गेले. तिथे उन्हाळ्यात समुद्रावरून ‘यामासे’ नावाचा थंड, ओला ईशान्य वारा सुटतो. पोटरीतल्या लोंबीत परागकण तयार होण्याच्या ऐन दिवसांत तो आठवडाभर ठाण मांडून बसला, की दाणा भरतच नाही. १७८० च्या दशकातल्या तेनमेई दुष्काळात या भागाने माणसे अक्षरशः ढिगाने गमावली. अलीकडचे उदाहरण १९९३ चे. त्या वर्षीच्या थंड उन्हाळ्यात सरासरी पीक १०० धरले तर सबंध जपानचा आकडा ७४ वर आला आणि आओमोरीचा २८ वर. तांदळाच्या आयातीला दारे बंद ठेवणाऱ्या देशाला थायलंड, चीन, अमेरिकेतून घाईघाईने तांदूळ मागवावा लागला. हाचिनोहेचे नर्तक त्या वर्षी काही कमी नाचले नव्हते. आणि पुढच्या फेब्रुवारीत ते पुन्हा नाचले. नाच हे पीक आणण्याचे यंत्र आहे अशी त्यांची समजूत असती, तर दोन-चारशे वर्षांच्या असल्या अनुभवानंतर ते यंत्र कधीच अडगळीत गेले असते.

अपयशाची जाणीव या विधींच्या आतच कशी विणलेली आहे, हे अकिता प्रांतातल्या बर्फातल्या लावणीत फार चांगले दिसते. धाकट्या नववर्षाला अंगणातल्या बर्फाचे वाफे करतात आणि भाताचा पेंढा व सोयाबीनचे वाळके देठ यांच्या जुड्या बांधून त्या रोपांसारख्या ओळीने बर्फात खोचतात. पावसाळी चिखलात जशी लावणी होते तशीच, पण गुडघाभर थंडीत. काही दिवसांनी त्यांची ‘कापणी’ होते, आणि तेव्हा जुड्या कशा उभ्या आहेत ते बारकाईने पाहतात. पेंढा छान कमानीसारखा वाकला असेल तर पीक चांगले. पार आडवा पडला असेल तर वारा-पाणी नडणार. आणि ताठ उभा राहिला असेल तर लोंब्या पोचट निघणार. हे शेवटचे लक्षण शेतीच्या अनुभवातून जसेच्या तसे उचललेले आहे, कारण यामासेने मारलेल्या शेतातली लोंबी दाण्याच्या वजनाअभावी अशीच सरळ उभी राहते. म्हणजे ज्या विधीत सुगी आगाऊ साजरी होते, त्याच विधीत वाईट बातमी ऐकण्याची तयारीही आहे. यश आपलेच आहे असे स्वतःला बजावून सांगणाऱ्या आजच्या पंथात अशी सोय कुठे आहे?

यावर बुद्धिवादी वाचक म्हणेल, की कितीही सजवून सांगितले तरी ही जादूटोण्याचीच समजूत आहे. जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाव’मध्ये जगभरच्या अशा विधींचा एक नियम सांगितला: सारखी गोष्ट सारख्या गोष्टीला जन्म देते, असे आदिम माणूस मानतो, म्हणून पाऊस हवा तर तो पाण्याचा शिडकावा करतो. ढोलावर केलेली कापणी या नियमात चपखल बसते, हे मान्य करायला हवे, आणि करणाऱ्यांपैकी अनेकांना तसे वाटतही असेल. पण फ्रेझर वाचून तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइनने जो आक्षेप नोंदवला तो विसरता येत नाही. पावसासाठीचे विधी पावसाळा तोंडावर आला की होतात, उन्हाळ्याच्या मध्यावर नाही. आणि सूर्य उगवण्याचे विधी लोक पहाटे करतात, मध्यरात्री मात्र मुकाट दिवा लावतात. योशुकुचेही तसेच आहे. तो होतो वसंताच्या उंबरठ्यावर, जेव्हा नांगर बाहेर काढायचाच असतो. आणि विधी झाला म्हणून कुणी पेरणी टाळल्याचे ऐकिवात नाही. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने त्रोब्रियांड बेटांवर पाहिले, की शांत खाडीतल्या मासेमारीला तिथले लोक मंत्रतंत्र वापरत नाहीत, खुल्या समुद्रात जाताना मात्र हटकून वापरतात. माणसाचे कौशल्य जिथे संपते आणि धोका सुरू होतो तिथे विधी येतो, कौशल्याची जागा घ्यायला तो येत नाही. उत्तर जपानचे भात हे असेच खुल्या समुद्रातले काम होते.

आता आधुनिक योशुकुकडे वळू. २०१८ साली हिसुई कोतारो आणि ओशिमा केइसुके यांचे आगाऊ आनंदाचा नियम सांगणारे पुस्तक आले आणि हा शब्द घरोघरी गेला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: यशाच्या दिवशी जे कराल ते आजच करा, पेले उंचावा, आनंदाचे अश्रू गाळा, एकमेकांचे आभार माना. हे ऐकणाऱ्यांत हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक यानो आकिहिरो होते. २०२२ च्या मोसमाआधीच त्यांनी जाहीर केले, की हे आपले शेवटचे वर्ष. फेब्रुवारीत ओकिनावातल्या सराव शिबिराच्या अखेरीस खेळाडूंनी त्यांना हवेत उडवले. जपानी बेसबॉलमध्ये प्रशिक्षकाला असे उडवतात ते विजेतेपद मिळाल्यावर. इथे ते एकही सामना न खेळता झाले. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात संघ ८-१ ने पुढे असताना १०-८ ने हरला आणि त्यानंतर लागोपाठ हरत सलग नऊ पराभवांचा, सेंट्रल लीगमधला मोसमारंभीचा नकोसा विक्रम करून बसला. शेवटी तिसरा क्रमांक मिळाला, पण चेष्टा व्हायची ती झालीच. गंमत अशी, की पुढच्या वर्षी आलेले ओकादा आकिनोबु उलट स्वभावाचे. विजेतेपद हा शब्दसुद्धा ते तोंडातून काढत नसत, नुसते ‘ते’ म्हणत. त्या वर्षी संघाने १८ वर्षांनी लीग आणि ३८ वर्षांनी जपान सीरीज जिंकली, आणि हा ‘ते’ वर्षाचा गाजलेला शब्द ठरला. यावरून न बोलणे हाच यशाचा मार्ग असे कुणी सिद्ध करू पाहील तर तेही तितकेच पोरकट. यानो यांच्या संघाने २०२१ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक सामने जिंकूनही टक्केवारीत विजेतेपद हुकवले होते, आणि ओकादांचा संघ बराचसा त्यांनीच घडवलेल्या खेळाडूंचा होता. एका संघाच्या दोन मोसमांवरून कसलाही नियम निघत नाही. मला त्यात दिसते ते एवढेच, की शिबिरात साजरा झाला तो फक्त शेवटचा क्षण. पाखरे कुणी हाकली नाहीत.

मानसशास्त्रातला पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. गाब्रिएले एटिंगन यांनी थॉमस वॉडन यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रिया होत्या. आपल्याला जमेल असा विश्वास असलेल्यांचे वजन जास्त उतरले. पण सडपातळ झाल्याची गोड स्वप्ने रंगवणाऱ्यांचे कमी उतरले. स्वप्नाने समाधान आधीच मिळते आणि कष्टाचा जोर ओसरतो, असा एटिंगन यांच्या पुढच्या संशोधनाचाही रोख आहे. योशुकुवरचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि आधुनिक अवताराला तो पुरेपूर लागू पडतो. पण १९९९ मध्ये लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. एका गटाला चांगले गुण मिळाल्याची कल्पना करायला सांगितले होते, दुसऱ्याला रोज बसून अभ्यास करत असल्याची. दुसऱ्या गटाने अभ्यासही जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. ता-आसोबीतली ती कंटाळवाणी यादी या दुसऱ्या गटाची आहे. त्यात भर म्हणजे ती एकट्याने मनात घोकायची नसून ज्यांच्यासोबत पुढे राबायचे त्यांच्यासोबत करायची असते. भातशेतीत वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतात जाते, लावणी चार दिवसांत उरकावी लागते, आणि आपल्याकडच्या सावडीसारखी ‘युई’ नावाची श्रमांची देवाणघेवाण जपानी खेड्यांत होती. फेब्रुवारीच्या रात्री ढोलाभोवती उभा राहिलेला माणूस जूनमध्ये कुणाच्या शेतात वाकणार आहे, हे सगळ्यांना माहीत असे.

जुन्याचे गोडवे गाण्याचा आरोप माझ्यावर येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. ज्या शेतकऱ्यांनी हे खेळ केले त्यांच्या पिकाचा मोठा हिस्सा करात जाई. त्यांच्या आनंदात मालकाची, देवस्थानाची मर्जी राखण्याचा भागही होता. शिवाय ‘योशुकु’ हे एकच नाव अभ्यासकांचे आहे. झाडाला दम देणारा, बर्फात पेंढा खोचणारा आणि एन्बुरी नाचणारा हे तिघे आपण एकच काही करतो आहोत असे समजत नव्हते. यानागिता कुनिओ आणि ओरिगुची शिनोबु या अभ्यासकांच्या पिढीने विखुरलेल्या चालीरीती एका धाग्यात ओवताना जपानी खेड्याचे एक सुबक चित्र रंगवले, आणि ते आपण जसेच्या तसे घेऊ नये. परंतु सत्तेला हे खेळ नेहमीच रुचत होते असेही नाही. आधुनिक होऊ पाहणाऱ्या मेइजी सरकारच्या काळात, १८७६ मध्ये, एन्बुरीवर बंदी आली, आणि १८८१ मध्ये देवस्थानाच्या अधिकृत उत्सवाचे रूप देऊन स्थानिक लोकांनी एन्बुरी परत आणली. वरून लादलेली गोष्ट कुणी असा आटापिटा करून वाचवत नाही.

माझ्या युक्तिवादाची सर्वांत लंगडी बाजू मात्र तोकुमारूतच आहे. देवळाच्या खालच्या सखल भागात पूर्वी तोकुमारूची भातशेते पसरलेली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती भराव घालून बुजवण्यात आली आणि १९७२ मध्ये तिथे ताकाशिमादाइरा ही सुमारे दहा हजार घरांची प्रचंड वसाहत उभी राहिली. म्हणजे राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा ज्या शेतांसाठी हा खेळ होता ती शेतेच उरलेली नव्हती. नांगर नाही, लावणी नाही, पाखरेही नाहीत. काम साजरे करायचे तर कुठले? जुन्या योशुकुचा प्राण पुढच्या कामात होता, असे मी म्हणतो, तर मग तोकुमारूचा आजचा खेळ त्या कसोटीला उतरत नाही हे मला मान्य करावेच लागेल. तो आता परंपरा जपणाऱ्यांचा खेळ आहे, शेतकऱ्यांचा नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण हाचिनोहेच्या आसपास अजून भात पिकवणाऱ्यांच्या पंक्तीत त्याला बसवणे बरोबर होणार नाही. पुढील प्रकरणांत हे दोन्ही विधी शेजारी-शेजारी येतील तेव्हा वाचकाने एवढी तफावत ध्यानात ठेवून ते वाचावेत.